आत्मा विकणे आहे

ठाण्याच्या चरईत मोरेश्वर निवास नावाची तीन मजली इमारत होती. तिच्या जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीला लागून, एक काळा फळा होता. पाण्याची वेळ, कुणाच्या मयताची बातमी, नाहीतर 'गॅलरीत कपडे पिळून वाळत घालावेत' अशी एखादी सूचना त्यावर लिहीत. लिहायचं काम सात नंबरच्या अण्णा कर्णिकांकडे होतं. अण्णा वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं. चौऱ्याऐंशी सालच्या गणपतीत, चौथ्या दिवशी सकाळी, 'उद्या पाणी सहा ते सात' याच्या खाली त्याच सुबक अक्षरात आणखी एक ओळ बिऱ्हाडकरूंना दिसली.

आत्मा विकणे आहे. किंमत रु. ११. चौकशी खोली क्र. ७.

अण्णांची बायको मंदाकिनी दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होती. वाचलं आणि ती तिथेच थांबली. फळा पुसावा तर हातात पिशव्या, आणि मागून देशमुखांची सून येऊन मोठ्याने वाचायलाही लागली.

तसा अण्णांचा हा स्वभाव तिला नवा नव्हता. नाव गुरुदत्त. सासूबाईंनी नरसोबाच्या वाडीला नवस बोलून मागून घेतलेला मुलगा. आणि तोच असा निघाला. देवावर त्यांचा राग मात्र नव्हता. जे नाहीच त्याच्यावर रागवायचं कसं, असं म्हणायचे. इमारतीच्या गणपतीचं मखर दरवर्षी तेच आखून द्यायचे, मंदाकिनीच्या पूजेसाठी पहाटे जास्वंदी तोडून आणायचे, एकादशीला तिच्यासाठी साबुदाणाही भिजत घालायचे. फक्त हात जोडायचे नाहीत. सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा दोन महिने अण्णांनी त्यांचे पाय चेपले, अंग पुसलं, भरवलं. एकदा त्यांनी नुसतं म्हटलं, बाबा, एवढा माझ्यासमोर दत्ताला नमस्कार कर, म्हणजे मी सुटले. अण्णा खाली मान घालून बसून राहिले. नमस्कार केला नाही. सासूबाई तशाच गेल्या. आईशी खोटं वागणं जमलं नाही, एवढंच ते पुढे म्हणाले. मंदाकिनीच्या मनात तो काटा राहून गेला तो गेलाच नाही.

आता हे आत्मा विकण्याचं काय, तर आदल्या दिवशी आरतीनंतर नऊ नंबरच्या सहदेवरावांशी झालेली वादावादी. सहदेवराव बँकेत कॅशियर, भजनी मंडळाचे अध्वर्यू. प्रसाद वाटता वाटता ते म्हणाले की ज्याला देव नाही, आत्मा नाही, त्याला धरबंध कुठला. असा माणूस चार पैशांसाठी आत्मासुद्धा विकेल. सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी खिरापत तोंडात टाकली आणि म्हणाले, विकेन की. नसलेली वस्तू विकून पैसे मिळत असतील तर धंदा वाईट नाही. सहदेवरावांना भाव विचारला. सहदेवराव उठून गेले. म्हणून मग फळा.

गंमत अशी झाली की गिऱ्हाईकच येईना. आठ दिवस फळ्यावर ती ओळ राहिली. रोज पाण्याची वेळ बदलायची, खालची ओळ तीच. जाता येता लोक हसायचे, पण अकरा रुपये काढून देण्याची कुणाची छाती होईना. विकत घेतला आणि खरंच काही मागे लागलं तर? अण्णा खुशीत होते. सहदेवरावांना जिन्यात गाठून म्हणाले, "अमोल अमोल म्हणता, आणि अकरा रुपयाला कुणी घेत नाही. आता सांगा, विश्वास कुणाचा पक्का, तुमचा का माझा?"

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. तेही डोक्यावर पाटी घेऊन.

आवडाबाई कोळीण बाळकुमहून यायची. तेव्हा बाळकुम म्हणजे गावच होतं. भातखाचरं, खाडी, आणि तासातासाने येणारी बस. बसमध्ये मासळीच्या पाटीला घेत नसत म्हणून आवडाबाई माजिवड्यापर्यंत चालत यायची आणि तिथून पुढेही बहुतेक वेळा चालतच. मोरेश्वर निवासात तिचं पहिलं दार कर्णिकांचं, कारण अण्णा घासाघीस करत नसत. ती सांगेल तो भाव देत. मंदाकिनी आतून ओरडायची की अहो, वाट्याला दोन रुपये जास्त लावलेत तिने, पण तोवर पैसे दिलेले असायचे. मंदाकिनी मग निळ्या पट्ट्यांची कापडी पिशवी घेऊन पुढे व्हायची आणि पिशवीचं तोंड उघडं धरून म्हणायची, "आणि वर?" वर म्हणजे वाट्याच्या वर. आवडाबाई कुरकुर करत दोन कोलंब्या नाहीतर एखादी बोय वर टाकायची. रोजचं ठरलेलं होतं ते.

त्या दिवशी आवडाबाईने पाटी उतरवली नाही. उंबऱ्याशी उभी राहून तिने कमरेची पिशवी सोडली आणि एक ओलसर दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं पुढे केलं.

"भाऊ, खाली पोरं वाचत होती. खरा का?"

अण्णा म्हणाले, खरं.

"मंग दे. मी घेतला."

अण्णांना हसू आवरेना. तरी व्यवहार म्हणजे व्यवहार. त्यांनी ड्रॉइंगच्या जाड कागदाचा तुकडा घेतला, पट्टी लावून चौकट आखली आणि पावती केली: 'आवडाबाई गोमाजी कोळी, राहणार बाळकुम, यांस एक आत्मा, वापरलेला, जसा आहे तसा, विकून रु. ११ भरून पावले.' खाली सही केली. आवडाबाईने काही न विचारता अंगठा उठवला, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात खोचला आणि मग पाटी उतरवून मासे दाखवायला लागली.

मंदाकिनीला त्या दिवशी मासे चिरवेनात. आवडाबाई दुसऱ्या मजल्यावर गेल्याचं ऐकून ती डब्यातले अकरा रुपये मुठीत घेऊन मागोमाग धावली. म्हणाली, बाई, तो कागद परत दे, ह्यांची मस्करी होती. आवडाबाईने मान हलवली.

"बाय, बोहनीचा सौदा हाय. बोहनीचा माल परत घेत नाय न् देत बी नाय. दिस फिरतो."

कोळणीचं ते व्रतच असतं. दिवसाचा पहिला सौदा उलटला तर पाटी भरलेली परत जाते. मंदाकिनीला ते ठाऊक होतं, तिनेही कधी सकाळचा घेतलेला बोंबील शिळा निघाला म्हणून परत केला नव्हता. ती मुकाट घरी आली. त्या पैशांच्या अण्णांनी तलावपाळीवर जाऊन कुल्फ्या आणल्या. सहदेवरावांनी खाल्ली नाही, मंदाकिनीने खाल्ली नाही, म्हणून तीन कुल्फ्या एकट्या अण्णांनी खाल्ल्या आणि आठवडाभर त्यांचा घसा धरला. घसा कशाने धरला याबद्दल नवराबायकोचं एकमत झालं नाही.

पुढे हसण्यावारी जाईल असं वाटलं होतं, पण आवडाबाई विकत घेतलेली वस्तू विसरणारी नव्हती. अण्णा खोकले की दारातूनच बोलायची, मफलर बांध भाऊ, आत माजा माल हाय. धाकट्या भावाशी घरावरून बोलाचाली झाली आणि अण्णांनी त्याचं नाव टाकलं, तेव्हा तिने दोन दिवस या दारी पाटीच उतरवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, असा कडू करून ठेवलास तर मी सांबालू कशी? अण्णा हसले, पण त्या रविवारी भावाकडे जाऊन आले. नारळी पौर्णिमेला बाळकुमची कोळी माणसं खाडीला नारळ द्यायची. आवडाबाई दोन द्यायची. एक घराचा, एक अण्णांच्या आत्म्याचा. दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या घेऊन यायची आणि सांगायची, तुजा नारळ पाण्यात सरळ उभा ऱ्हायला हो.

अण्णा वड्या आवडीने खायचे. मंदाकिनीच्या घशाखाली मात्र उतरायच्या नाहीत. वाईट वाटायचं, आणि नुसतं वाईटही नाही. मत्सरच म्हणा ना. वीस वर्षं ती गुरुवार करत होती, दत्ताला प्रदक्षिणा घालत होती, त्यातल्या निम्म्या नवऱ्याच्या नावाने. आता तो आत्मा बाळकुमला दुसरीच्या घरी, आवडाबाईच सांगायची तसा, एकवीरेच्या तसबिरीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिचं पुण्य कुणाच्या खाती पडत होतं कोण जाणे. असलं कुणाला विचारायचं तरी कसं?

शेवटी एकदा, अण्णा कामावर असताना, ती बस पकडून बाळकुमला गेली. गोमाजी कोळ्याचं घर म्हटल्यावर गावातल्या बाईने अंगण दाखवलं. आवडाबाई जाळ्याची गाठ मारत बसली होती. मंदाकिनीने या वेळी शंभराची नोट नेली होती. आवडाबाईने ती बघितलीसुद्धा नाही. चहा टाकायला सांगून तिने आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. गोमाजी एकदा भरतीच्या वेळी खाडीत गेला आणि होडी तेवढी परत आली. तीन दिवस शोधला, मिळाला नाही. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. सगळे थकून गेले, ती उन्हं कलेपर्यंत तिथे बसून होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"उघडा परलेला आत्मा कसा फिरतो, मना म्हाईत हाय बाय," आवडाबाई म्हणाली. "भाऊ लेकरावानी मानूस. त्याचा आठ दिस भिंतीवर टांगलेला. कुनी भगत, कुनी वंगाळ मानूस घेऊन गेला असता मंग? तुमी शिकलेली लोकं हासत व्हता. म्हनून मी घेतला."

मंदाकिनी चहा पिऊन परत आली. त्या दिवसापासून वड्या तिच्याही घशाखाली उतरायला लागल्या.

वर्षं कशी गेली ते कळलं नाही. चरईतली कौलं गेली, बाळकुमची खाचरं मातीने भरली, त्यावर कंपाउंडच्या भिंती आल्या. खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला आणि आवडाबाई मार्केटमधून माल घेऊन विकू लागली. दार मात्र पहिलं हेच. मंदाकिनीच्या हातातली पिशवीही तीच, पट्टे फिके पडलेले.

शहाण्णव सालच्या वैशाखात आवडाबाई येईनाशी झाली. तीन आठवडे गेले. अण्णा रोज सकाळी एकदा दार उघडून जिन्यात डोकावायचे आणि पेपर आला का बघतो म्हणायचे. मग एका सकाळी तिची सून मालू आली. हातात पाटी नव्हती. तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं. सासूच्या पोटात पाणी झालंय, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलंय. आठ दिवस पोटात अन्न नाही, सगळे पाहुणे येऊन भेटून गेले, तरी जीव जात नाही. एकच घोकत बसलीय.

"बोलते का गोमाजी पल्याड होडी घेऊन उभा हाय, न् होडीत एकाचीच जागा. माज्याकडे दोन हायत, कशी जाऊ? दुसऱ्याचा टाकून बी जाववत नाय. भाऊ, तुमी चला. निस्ता बोला का आत्मा माजा हाय, मना परत दे. येवढंच."

मंदाकिनी पदर खोचून तयारच झाली. इतक्या वर्षांनी वस्तू आपण होऊन घरी येत होती. तिने देवापाशी निरांजन लावलं, अंगावरची साडी बदलून दुसरी नेसली आणि बाहेर येऊन बघते तर अण्णा खुर्चीतच. चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

रिक्षात बसल्यावर तिने विषय काढला. मालू पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली होती. मंदाकिनी हळू आवाजात म्हणाली, दोन शब्दांचा प्रश्न आहे, म्हणून टाका. तुमचं काय जातंय? अण्णा बाहेर बघत होते. माजिवडा मागे पडल्यावर म्हणाले, "आईला म्हटलं नाही मी. आता हिला म्हणू? आणि ते खोटं असणार हे तिला कळेल. इतकी वर्षं ओळखते ती मला."

मंदाकिनीला रडूच आलं. सासूबाई आठवल्या. हा माणूस याही अंथरुणाशी तसाच मान घालून बसणार, आणि ही बाई तशीच तळमळत राहणार. तिने पदराआड हात जोडले आणि दत्ताला सांगितलं की आज यांच्या जिभेवर तूच बस. दुसरं काही मागितलं नाही.

आवडाबाई पडवीत खाटेवर होती. पोट फुगलेलं, हात काडीसारखे. डोळे मिटलेले. उशाशी ती प्लॅस्टिकची पिशवी काढून ठेवली होती. मालूने कानाशी जाऊन सांगितलं, भाऊ आलं. आवडाबाईने पिशवी चाचपली आणि अण्णांच्या दिशेने सरकवली.

अण्णा स्टुलावर बसले. पावती बाहेर काढून त्यांनी वाचली. शाई जराही पुसली नव्हती. मंदाकिनी मागे उभी होती, तिने त्यांच्या खांद्याला बोट लावलं. घरातली माणसं वाट बघत होती. अण्णांनी घसा साफ केला.

"काय भाव लावलास?" ते म्हणाले.

आवडाबाईने डोळे उघडले. थोडा वेळ तिला कळलं नसावं. मग तिच्या ओठांची एक कड हलली.

"एकशे एक."

"अकराला घेतलेलास तू."

"कवा? तवा कोलंबी काय भाव व्हती?"

"वापरलेला माल आहे. पावतीवर लिहिलंय."

"वापरलास तू. सांबालला मी." तिला धाप लागली, तरी कुशीवर वळायला बघायला लागली. मालूने पाठीला उशी दिली. "अकरा नारळ घातले. नारळाचं पैसं कोन देल?"

"वड्या मी खाल्ल्या ते बरोबर. नारळ नारळाच्या भावाने धर. एकावन्न."

"जा मंग. दुसरं दार बघ."

मालूने तोंडाला पदर लावला. मंदाकिनी नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि या माणसाने भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, कुणाशी म्हणून कधी घासाघीस केलेली तिने पाहिली नव्हती. आणि इथे ते पुढे वाकून, एक एक रुपया धरून बसले होते. एकसष्ट झाले, पासष्ट झाले. आवडाबाईच्या गालावर रंग आला होता. तिने त्यांचा खोकला काढला, भावाशी केलेलं भांडण काढलं, असा तापट माल इतकी वर्सं कोन ठेवल म्हणून विचारलं. अण्णांनी उठून जायचं नाटक केलं. तिने हाक मारून परत बसवलं. एकाहत्तरावर सौदा पटला.

अण्णांनी पैसे मोजून तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते कपाळाला लावले, जमिनीला लावायला मालूकडे दिले.

"बोहनी झाली," ती म्हणाली. "महिनाभर झाली नव्हती." आणि मग नेहमीच्या त्रासलेल्या आवाजात, "पिशवी आनलीस का? नेनार कशात?"

अण्णा गोंधळले. मंदाकिनीने मात्र पर्समध्ये हात घातला. निळ्या पट्ट्यांची पिशवी तिच्याजवळ कायम असायची. तिने घडी उलगडली, झटकली आणि खाटेशी वाकून तोंड उघडं धरलं. आवडाबाईने उशाजवळून काहीतरी उचलल्यासारखं केलं, दोन्ही हातांनी, जपून, आणि पिशवीत ठेवलं.

मंदाकिनीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आणि वर?"

आवडाबाई हसली. दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू. कुरकुर करत तिने रिकामी मूठ पुन्हा एकदा पिशवीवर उघडली. काय टाकलं ते तिने सांगितलं नाही, आणि मंदाकिनीने विचारलं नाही.

परतीच्या रिक्षात मंदाकिनी पिशवीची मान घट्ट धरून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली की मग आता मानता तर. अण्णा म्हणाले, मी कुठे म्हटलं आहे म्हणून? मी भाव विचारला. ती म्हणाली, नसलेल्या वस्तूचा भाव एकाहत्तरापर्यंत कोण खेचतं? रिक्षाने खड्ड्यात गचका खाल्ला तेव्हा अण्णांनी पिशवीखाली हात धरला, एवढं तिने पाहिलं.

आवडाबाई त्याच दिवशी दुपारी भाताची पेज प्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. झोपेतच, मालू सांगत होती. दहाव्याला दोघं खाडीवर गेली. पिंड ठेवला, माणसं मागे सरली. अण्णा टोपीने ऊन अडवत सगळ्यांच्या पुढे उभे होते. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील, समोरच्या झाडावरून कावळा उतरला. अण्णा म्हणाले, भुकेला असेल. पण ते म्हणायच्या आधी त्यांनी श्वास सोडला होता, तो मंदाकिनीने ऐकला.

पुढे महिन्याभराने दारावर दुसरी कोळीण आली, चेंदणीची, तरुण. मंदाकिनीने तिचा भाव पाडला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर हात नेला. निळ्या पट्ट्यांची पिशवी तिथे होती, बाळकुमहून आल्यापासून तशीच टांगलेली, पण आता तोंड गाठ मारून बांधलेलं. गाठ तिने मारलेली नव्हती.

अण्णा पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "अगं, ती नको. दुसरी घे."